नंदुरबार जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षण

नंदुरबार हा महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचा आदिवासीबहुल जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत येथील साक्षरता ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. राज्याची सरासरी ८२.३४ टक्के होती. जिल्ह्याचा हा आकडाही काहीसा फसवा आहे. शहादा-नंदुरबारची सपाटी आणि अक्कलकुवा-धडगावचा सातपुडा यांची ती सरासरी आहे. माध्यमिक शिक्षणाचा प्रश्न मुख्यतः डोंगरातला.

खरी गळती नववीच्या उंबरठ्यावर होते. शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) संरक्षण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंतच आहे. गावची जिल्हा परिषद शाळा बहुधा त्याआधीच, चौथी-पाचवीला संपते. पुढे आश्रमशाळा (आदिवासी मुलांची निवासी शाळा) किंवा खासगी संस्थेचे अनुदानित विद्यालय गाठावे लागते. मूल वरच्या वर्गात ढकलले गेलेले असते. वाचन कच्चे असले तरी मूल नववीच्या बीजगणितापाशी येईपर्यंत ते कुणाच्या नजरेस येत नाही.

भाषेची अडचण याच्या मुळाशी आहे. घरी पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणारे मूल पहिलीतच प्रमाण मराठीच्या पुस्तकासमोर बसते. प्राथमिक वर्गांसाठी बोलीभाषेतले साहित्य थोडेफार निघाले. दहावीचा इतिहास मात्र मराठीतच लिहायचा असतो. बोली न समजणाऱ्या शिक्षकाला वर्गातले मौन आणि अज्ञान यांतला फरक कळणे कठीण जाते. आश्रमशाळांत गणित, विज्ञान, इंग्रजीचे तास अनेकदा तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर चालत आले आहेत. त्यांची नेमणूक लांबली की विषयच मागे पडतो.

दुसरे कारण स्थलांतर. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला, विशेषतः दक्षिण गुजरातेत, जातात आणि होळीला परततात. लहान भावंडांना सांभाळायला, मोळ्या बांधायला थोरले मूल हवेच असते. गाव पुन्हा भरते तेव्हा शाळेत दहावीची परीक्षा चालू असते. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सण. परीक्षेचे वेळापत्रक मात्र पुण्याच्या राज्य मंडळाकडे असते.

मुलींच्या बाबतीत अंतर अधिक जाचते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातील एसटी बस त्यांना शाळेत मोफत नेतात, पण डांबरी सडकेपर्यंतच. पाडे एकमेकांपासून विखुरलेले, मधे ओढे-घाट. वसतिगृहात जागा मिळाली नाही, की घरात लग्नाचा विषय निघतो.

सरदार सरोवर धरणाने बाधित झालेल्या नर्मदाकाठी नर्मदा बचाव आंदोलनाने १९९०च्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या. मुलांची बोली आणि जंगलाची ओळख तेथे अभ्यासाचाच भाग आहे. मात्र त्या प्राथमिक स्तरापुरत्याच आहेत. पुढच्या शाळेसाठी तेथील मुलांना काठ सोडावा लागतो.