विमानाचा पत्रा वेल्ड का करत नाहीत?

कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात झळकले. तेव्हापासून घरी विमान बांधण्याचा विषय निघाला की मला हमखास विचारतात: एवढे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, ठोकत बसण्यापेक्षा सरळ वेल्डिंग का करत नाहीत? रिव्हेट म्हणजे जुनाट पद्धत, असा सर्वसाधारण समज आहे.

अमेरिकेत मागच्या अंगणातल्या शेडमध्ये विमान बांधणारे हजारो हौशी आहेत. निम्म्याहून अधिक काम त्यांनी स्वतः केलेच पाहिजे, असा तिथला नियम. पोलादी नळ्यांचा सांगाडा ते वेल्ड करतात, पण अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र रिव्हेटच. याचे उत्तर धातूच्या पोटात आहे.

लोहार विळ्याला पाणी पाजतो तेव्हा तापलेले पोलाद तिथल्या तिथे कडक होते. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमचे नेमके उलटे. त्यात साधारण ४ टक्के तांबे असते. ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की पाण्यात साखर विरघळावी तसे तांब्याचे अणू त्यात विरघळतात. मग पाण्यात बुडवले, तर त्यांना वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. या घटकेला धातू मऊ असतो. पण तसाच ठेवला, तर आपोआप कडक होत जातो! जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना हे १९०६ मध्ये आढळले. काही दिवसांनी त्यांनी नमुना पुन्हा तपासला, तेव्हा त्याची कठीणता वाढलेली होती.

असे का होते? अंथरलेली जड सतरंजी ओढून हलत नाही, पण तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी सरकते. धातू वाकतो तोही असाच. अणूंचे थर एकदम घसरत नाहीत, स्फटिकातली एक सुरकुती, म्हणजे डिसलोकेशन, पुढे सरकत जाते. पाण्यातून काढून ठेवलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन जेमतेम एका अणूच्या जाडीच्या चकत्या तयार करतात. सुरकुती त्यांना अडते. गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी या चकत्या ओळखल्या. वेल्डिंगच्या आचेने ही सगळी रचना मोडते आणि सांध्यालगतचा पत्रा दुबळा होतो.

प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’तल्या अद्भुत धातूंचे गोडवे गाणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. त्या ग्रंथातली विमाने उडूच शकणार नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. खरे अद्भुत या चकत्यांत आहे.

जास्त तांब्याचे कणखर रिव्हेट तापवून पाण्यात बुडवल्यावर काही मिनिटांतच ठोकावे लागतात, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात. थंडीत तांब्याच्या अणूंची हालचाल मंदावते, म्हणून रिव्हेट मऊ राहतात. शेडमधल्या हौशी माणसाला ही कटकट नको, म्हणून तो कमी तांब्याचे, डोक्यावर बारीकसा खळगा असलेले रिव्हेट वापरतो. ते कडक होऊनही ठोकण्याइतके मऊ असतात. एकाने बाहेरून रिव्हेट गन धरायची, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा, म्हणजे रिव्हेटचे आतले टोक चेपून त्याचे डोके बनते. ३.२ मिलिमीटर जाडीच्या रिव्हेटचे आतले डोके सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच व्हायला हवे. वाकडे झाले तर ड्रिलने काढायचे आणि नवा रिव्हेट घालायचा.