मारिया कॅलस: दोन जातींचा एक आवाज

जानेवारी १९४९. व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ऑपेरा गायिका मारिया कॅलस वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूर’ या ऑपेरातली ब्रुनहिल्डे गात होती. त्याच हंगामात बेल्लिनीचा ‘ई पुरितानी’ लागला होता, पण त्यातली एल्विरा गाणारी मार्गेरिता कारोसिओ आजारी पडली. वाद्यवृंदाचे संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी ती भूमिका कॅलसकडे दिली. हाताशी जेमतेम आठवडा, त्यात ब्रुनहिल्डेचे प्रयोगही चालूच. १९ जानेवारीला ती एल्विरा म्हणून उभी राहिली आणि गायली.

हा प्रसंग पाठांतराचा पराक्रम म्हणून सांगितला जातो, पण त्याचं मोल त्याहून मोठं आहे. ब्रुनहिल्डेला पितळी वाद्यांच्या गजरावर तरंगणारा भरदार आवाज लागतो. एल्विराला लागतात दाणेदार ताना, कंपस्वर आणि तार सप्तकातला सहज वावर. ही दोन कामं दोन वेगळ्या जातींच्या गळ्यांची, असं तेव्हा सगळे धरून चालत होते.

मुळात तसं नव्हतं. १८३१ मध्ये मिलानमध्ये बेल्लिनीचे दोन ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आले: मार्चमध्ये ‘ला सोन्नाम्बुला’ आणि २६ डिसेंबरला ला स्काला नाट्यगृहात ‘नॉर्मा’. दोन्हींतली नायिका जुदित्ता पास्ता. खालच्या स्वरांत दाट आणि वर मोकळा होत जाणारा तिचा आवाज कोवळी अमिना आणि संतापलेली नॉर्मा दोघींना पुरला. पुढे व्हर्दी, वाग्नर आणि त्यांच्यानंतरच्या इटालियन वास्तववादी संगीतकारांनी वाद्यवृंद वाढवत नेला, आणि गायिकांची वाटणी झाली. भारी गळ्याच्या गायिका नव्या भूमिकांकडे वळल्या. दोनिझेत्तीची लुचिया, बेल्लिनीची अमिना या भूमिका हलक्या, पाखरासारख्या आवाजांकडे गेल्या. त्या आवाजांनी ताना सांभाळल्या, पण तानेमागचं दुःख हळूहळू ऐकू येईनासं झालं. दोनिझेत्तीचा ‘आन्ना बोलेना’ तर रंगमंचावरून जवळपास नाहीसाच झाला.

ही तुटलेली वाट कॅलसला सापडली ती अथेन्समध्ये. ग्रीक आईवडिलांची ही मुलगी २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि १९३७ मध्ये आईबरोबर ग्रीसला आली. तिथे तिला स्पॅनिश गायिका एल्विरा दे हिदाल्गो गुरू म्हणून लाभल्या. हिदाल्गो स्वतः हलक्या आवाजाच्या, शिष्येचा आवाज मात्र दांडगा. तरीही त्यांनी तिच्याकडून चढत्या-उतरत्या सप्तकांचे पलटे, कंपस्वर, तुटक स्वर, दबक्या आवाजातली लांब फेक हेच घोटून घेतलं. यामागचं कारण व्यवहाराचं होतं. भारी गळा कायम जोरातच वापरला तर जड होत जातो, मग वरचे स्वर उतरू लागतात आणि हळू गाणं जमेनासं होतं. कॅलस वर्गात दिवसभर थांबून इतरांचे धडेही ऐकत बसायची.

तिची नजर फार अधू होती. रंगमंचावरून संचालकाची काठी दिसत नसे. म्हणून आपल्याबरोबर इतरांच्या ओळी आणि वाद्यवृंदाचा भागही ती पाठ करून यायची. तिचं गाणं तालात इतकं पक्कं का, याचं एक उत्तर या अधू नजरेतही आहे.

तिने ‘नॉर्मा’ सुमारे ९० वेळा गायली. त्यातली ‘कास्ता दिवा’ ही चंद्राची प्रार्थना बेल्लिनीने पाश्चात्त्य ‘जी’ (G) हा आधारस्वर धरून लिहिली होती. गातात ती बहुधा एक पायरी खाली, ‘एफ’मध्ये (F). लय संथ, वाक्यं लांब. मधे ‘ए’ हा स्वर तालाच्या आडून पुन्हापुन्हा येतो, आवाज दरवेळी थोडा वाढतो आणि चाल वरच्या ‘बी फ्लॅट’ला पोचते. पहिल्याच ‘ए’वर श्वास खर्च केला तर शिखरावर आवाज ताणला जातो, आणि उतरताना बारीक स्वर एकमेकांत मिसळतात. ही प्रार्थना पहिल्याच अंकात आहे, हेही विसरून चालत नाही. लगेच द्रुत भाग येतो आणि खरा भार दुसऱ्या अंकावर असतो. इथे सगळं उधळणारी गायिका तिथे नॉर्माचा दगाबाज प्रियकर पोलिओने याच्यासमोर रिकाम्या हाताने उभी राहते.

कॅलसचा आवाज एकसंध नव्हता. छातीचा, मधला किंचित झाकोळलेला आणि वरचा धारदार, असे तीन थर आणि त्यांचे सांधे स्पष्ट ऐकू येत. टीकाकारांना ते खटकायचं. पण सूडाने पेटलेल्या मेडीआ या नायिकेच्या तोंडचा शब्द ती छातीच्या स्वरात टाकायची, तेव्हा त्या सांध्याचाच अर्थ व्हायचा.

१९५० च्या दशकाच्या मध्यानंतर वरच्या स्वरांत हेलकावा वाढला. प्रशिक्षित आवाजात स्वर सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा कंप पावतो. कंप मंदावून रुंद झाला की स्वर डगमगल्यासारखा वाटतो. १९५३-५४ मध्ये तिने ३० किलोंहून अधिक वजन उतरवलं, त्याकडे बोट दाखवलं जातं. तेवढ्याने भागत नाही. १९५५ मध्ये मिलानला गायलेली ‘ला त्राव्हिआता’ आणि बर्लिनमधली ‘लुचिया’ ही तिची अजोड कामं त्यानंतरची आहेत, आणि हेलकाव्याची चाहूल आधीच्या ध्वनिमुद्रणांतही लागते. १८ व्या वर्षी तोस्का, २० व्या वर्षी ‘फिदेलिओ’मधली लिओनोरे, त्यावर तुरांदोत आणि इझोल्डे: इतक्या लवकर इतका भार घेतला की आवाजाला पोटातून मिळणारा श्वासाचा आधार पुढे कमी पडतो, हे जास्त पटतं.

जानेवारी १९५८ मध्ये रोममधला ‘नॉर्मा’ ती पहिल्या अंकानंतर पुढे गाऊ शकली नाही, आणि वृत्तपत्रांनी तिला धारेवर धरलं. तिच्या गाण्यापेक्षा या गोष्टींवर जास्त शाई खर्च झाली, हा तिच्यावरचा अन्यायच. ५ जुलै १९६५ रोजी लंडनला गायलेली तोस्का ही ऑपेरातली तिची अखेरची भूमिका. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसमध्ये ती गेली, ५३ व्या वर्षी.

दरम्यान वाट रुळली होती. १९५७ मध्ये ला स्कालाने तिच्यासाठी ‘आन्ना बोलेना’ पुन्हा उभा केला. त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ती नॉर्मा गायली, तेव्हा नॉर्माच्या सखीच्या, क्लोतिल्देच्या छोट्या भूमिकेत २६ वर्षांची जोन सदरलंड होती. फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याच रंगमंचावर, त्याच सेराफिन यांच्या संचालनाखाली सदरलंड लुचिया गायली. तिच्या रंगीत तालमीला प्रेक्षकांत कॅलस बसली होती.