बर्नआउट की नैराश्य? डेंटिस्ट मित्राचं ऐकताना

आमच्या डेंटिस्ट मंडळींत हल्ली ‘बर्नआउट झालाय’ असं कुणीही सहज म्हणतं. ऐकणारा ‘चार दिवस कोकणात जाऊन ये’ म्हणतो आणि विषय मिटतो. समोरच्याला खरोखर नैराश्य असेल, तर या सल्ल्यापायी उपचाराचे आठवडे वाया जातात.

बर्नआउट कामातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, तर कामावरच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदलेला आहे. अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. वाकड्या मुळांच्या दाढेचं रूट कॅनाल एकेकाळी हुरूपानं करणारा आता अपॉइंटमेंट पुढे ढकलतो. कॅपच्या दरावर पेशंटनं घासाघीस केली की भडकतो. मान आखडलेली, चेअरचा हप्ता डोक्यावर, आणि दिवसभर बरोबरीनं बोलायला कुणी नाही. तरी रविवारी मुलीबरोबर पत्ते खेळताना तो बहुधा खळखळून हसतो.

नैराश्य मात्र दवाखान्याचं शटर ओढलं तरी सोबत घरी येतं. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असतं किंवा कशातच रस उरत नाही. सोबत झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, विनाकारण अपराधी वाटतं, मरणाचे विचार येतात. प्रॅक्टिस उत्तम चालू असतानाही हे होतं. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

दोन्ही एकाच माणसात असू शकतात, थायरॉइडच्या त्रासातही असाच थकवा येतो. म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञांवर सोडावं. ओळखीच्या केमिस्टकडून झोपेची गोळी आणणं तर मला फार धोक्याचं वाटतं.

मग सहकाऱ्यानं काय करायचं? बर्नआउटमध्ये पुष्कळ काही. ‘शनिवारचे तुझे इमर्जन्सी पेशंट मी बघतो’ एवढ्यानंही श्वास घ्यायला जागा मिळते. फसलेल्या केसबद्दल मोकळेपणानं बोलायला आपल्याच धंद्यातला माणूस लागतो, कारण दाताच्या मुळाची नळी साफ करायची बारीक सुई, म्हणजे फाइल, आतच तुटली की पोटात कसा गोळा येतो हे घरच्यांना कितीही सांगितलं तरी कळत नाही. नैराश्यात ऐकून घेणं हवंच, पण ते पुरत नाही. तिथे अपॉइंटमेंट घेऊन द्यावी, सोबत जावं.

आणि शंका आली तर सरळ विचारावं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये, घरच्यांना कळवावं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. उद्याचे पेशंट मित्रांनी आपसांत वाटून घ्यावेत.