घडीची लेन्स, छोटी चीर आणि नंतरचा नंबर

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न असतो "लेन्स कुठली टाकायची?" आणि मग फोल्डेबल (घडी होणारी) म्हणजे भारी, साधी (कडक) म्हणजे हलकी असा सरळ हिशोब होतो. खरं तर दोन्हींतून दिसतं चांगलंच, फरक पडतो तो लेन्स आत न्यायला डोळ्याला केवढी चीर द्यावी लागते त्याने.

पहिली लेन्स 1949 मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी बसवली, युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले कॉकपिटच्या प्लास्टिकचे तुकडे डोळा मुकाट सहन करतोय हे त्यांनी पाहिलं होतं म्हणून त्याच जातीचं कडक प्लास्टिक घेतलं. तेव्हा चीर 10 मिमीच्या आसपास आणि वर टाके. टाक्यांनी कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ताणला जायचा, त्याची गोलाई बिघडायची आणि ऑपरेशन मस्त होऊनही सिलिंडरचा नंबर (कॉर्नियाच्या वेड्यावाकड्या गोलाईचा चष्म्याचा नंबर) मागे लागायचा.

1967 मध्ये चार्ल्स केलमन यांनी फेको आणलं, म्हणजे अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू आतच फोडून ओढून घ्यायचा, त्याला 3 मिमीचं भोक पुरतं. पण गंमत बघा, लेन्स कडक आणि जवळपास 6 मिमी रुंद, त्यामुळे ती बसवायला तेच भोक परत मोठं करायचं! घडी होणाऱ्या लेन्स 1980 च्या दशकात आल्या तेव्हा कुठे छोट्या चिरेचा खरा उपयोग झाला. आता चीर साधारण 2.2 ते 2.8 मिमी, लेन्स गुंडाळून इंजेक्टरमधून आत सोडतात आणि ती मोतीबिंदू काढल्यावर उरलेल्या त्याच्या पातळ पापुद्र्याच्या रिकाम्या पिशवीत हळूहळू उलगडते, चीर तिरकी घेतलेली असल्याने डोळ्याच्या आतल्या दाबानेच मिटते, टाका बहुतेक लागत नाही.

फेको न करता हाताने, 6-7 मिमीच्या बिनटाक्याच्या चिरेतून मोतीबिंदू काढतात त्याचा रिझल्टही चष्मा लावून जवळपास तेवढाच येतो, बिनचष्म्याच्या नजरेत मात्र फेको थोडं पुढे. अगदी पिकलेल्या, तपकिरी टणक मोतीबिंदूला कितीतरी सर्जन हाताचीच पद्धत पसंत करतात कारण अल्ट्रासाऊंड जास्त वापरला की कॉर्नियाच्या आतल्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत.

माझ्या मते लेन्सच्या ब्रँडपेक्षा आधीच्या मोजणीबद्दल जास्त विचारावं. डोळ्याची लांबी मोजताना 1 मिमीची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो, मग लेन्स कितीही महाग असो. शिवाय डायबिटीसने मागचा पडदा खराब झाला असेल तर समोरची लेन्स काय करणार? आणि एकाच अंतराची लेन्स लांबच्या नजरेसाठी घेतली की वाचायला चष्मा लागणारच, ते फेल्युअर नव्हे.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर दिसलं की लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो येत नाही, पिशवीत राहिलेल्या पेशी मागच्या पापुद्र्यावर पसरतात. याग लेसरने काही मिनिटांत त्यात भोक पाडतात, ना चीर ना भरती, आणि धारदार कडेच्या लेन्समुळे हे प्रमाण बरंच कमी झालंय. पण ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत डोळा लाल होऊन दुखायला लागला आणि दिसणं कमी झालं तर ते इन्फेक्शन असू शकतं, असं क्वचितच होतं पण झालं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.