स्टार्टर ओतून देण्यापूर्वी

घरी बिअर करण्यासाठी आमच्या दुकानातून द्रवरूप यीस्ट नेलेले ग्राहक अनेकदा एक-दोन दिवसांत परत येऊन यीस्ट मेलेले निघाल्याची आणि स्टार्टरमध्ये (बिअरमध्ये घालण्याआधी यीस्ट वाढवण्यासाठी केलेल्या थोड्या द्रावणात) कसलीही हालचाल न झाल्याची तक्रार करतात. स्टार्टर कोठे आहे असे विचारले, की तो ओतून दिल्याचे कळते. अशा स्टार्टरपैकी बहुतेक चांगले असावेत असे आमचे मत आहे, म्हणून हे माहितीपत्रक.

स्टार्टरमध्ये फेस आणि बुडबुडे दिसलेच पाहिजेत, ही अपेक्षा फर्मेंटरवरून, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यावरून, आलेली असते. फर्मेंटरमधील बिअरचे किण्वन अनेक दिवस चालते. स्टार्टरमध्ये मात्र वर्ट (मोड आणलेल्या धान्याचे, म्हणजे माल्टचे, गोड द्रावण) लिटर-दोन लिटर आणि त्या मानाने यीस्ट भरपूर असल्यामुळे मुख्य काम पुष्कळदा एका रात्रीत उरकते आणि फेस येऊन सकाळपर्यंत बसूनही जातो. स्टर प्लेटवर (चुंबकाने द्रव ढवळणाऱ्या उपकरणावर) सतत ढवळल्याने वायू निघून जात राहतो व फेस फारसा साचतच नाही. शिवाय यीस्टला वाढीसाठी ऑक्सिजन लागतो, त्यामुळे फ्लास्कच्या तोंडाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप) न लावता अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर गुंडाळण्यास आम्ही सांगतो. मग बुडबुडे मोजायला जागाच उरत नाही.

त्याऐवजी रंग पाहावा. नितळ तपकिरी वर्ट दुधाळ आणि फिकट झाला असेल, तर यीस्ट वाढले आहे. खात्री हवी असल्यास ढवळणे थांबवून फ्लास्क रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. तळाशी बसलेला पांढरट, साईसारखा थर पाकिटातील यीस्टपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसला पाहिजे. शंका उरलीच, तर हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणारे साधन; साखर संपते तशी घनता उतरते) निकाल देतो: १.०३७ वर सुरू झालेला वर्ट १.०१० च्या आसपास उतरला असेल, तर ते काम यीस्टनेच केलेले आहे. मोजलेला नमुना परत फ्लास्कमध्ये ओतू नये. पाकीट जुने असेल तर सुरुवात उशिरा होते. अशा वेळी ४८ तास होईपर्यंत मत बनवू नये.

या कारणास्तव, केवळ वर्णन ऐकून आम्ही पाकीट बदलून देत नाही. हा नियम काहींना जाचक वाटतो, परंतु आमच्याकडील यीस्ट आल्यापासून विकले जाईपर्यंत फ्रिजमध्येच असते आणि देताना पाकिटावरील तारीख आम्ही ग्राहकाला दाखवतो. फ्लास्क आहे तसा घेऊन यावा. यीस्ट खरोखरच निकामी असेल, तर पाकीट विनातक्रार बदलून मिळेल.

स्टार्टरची कृती बहुतेकांना ठाऊक आहेच. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम कोरडे माल्ट एक्स्ट्रॅक्ट, १५ मिनिटे उकळी, २० ते २५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करणे आणि मग यीस्ट. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) नकोत. माल्टऐवजी साधी साखर वापरू नये, कारण तिच्यात यीस्टला लागणारी पोषकद्रव्ये नसतात. आणि जास्त यीस्ट मिळेल या आशेने वर्ट १.०४० पेक्षा दाट करू नये, त्याने यीस्टवर ताणच येतो.

इतका खटाटोप कशासाठी, असाही प्रश्न येतो. १.०४८ घनतेच्या २० लिटर एलसाठी (उबदार तापमानात आंबणाऱ्या बिअरसाठी) प्रचलित हिशेबाने सुमारे १८० अब्ज पेशी लागतात, लागरसाठी (थंड तापमानात आंबणाऱ्या बिअरसाठी) त्याच्या दुप्पट. १०० अब्ज पेशींच्या ताज्या पाकिटात त्या मुळातच कमी असतात आणि साठवणीत आणखी घटत जातात. कोरड्या यीस्टला मात्र स्टार्टरची गरज नाही. आवश्यक साठा त्याच्या पेशींत कारखान्यातच तयार झालेला असतो. घाई असेल तेव्हा तेच न्यावे, असे आम्ही स्वतःहून सुचवतो.

स्टार्टर बिअर करण्याच्या दोन-तीन दिवस आधी लावावा: एक दिवस वाढीसाठी, एक दिवस फ्रिजमध्ये तळाशी बसण्यासाठी. वरचे पाणी बहुतांश ओतून तळाचे यीस्ट तेवढे फर्मेंटरमध्ये घालावे. लागरसाठी मोठा स्टार्टर केला असेल, तर हे अवश्य करावे, कारण त्या पाण्याची चव बिअरमध्ये उतरते. १०० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या मोजलेल्या पिशव्या आमच्याकडे यीस्टच्या फ्रिजशेजारीच ठेवलेल्या आहेत, आणि तीन दिवस आधी कळवल्यास स्टार्टर आम्हीच तयार करून, यीस्ट तळाशी बसवून, न्यायला सज्ज ठेवतो.