ब्रेकची किंचाळी म्हणजे पॅड संपले, असे नव्हे

जुन्या स्पोर्ट्स कारचा ब्रेक किंचाळू लागला की पॅड, म्हणजे चाकाचा वेग रोखणारे घर्षणाचे तुकडे, झिजले, ते बदलले की आवाज जाणार, हा समज वर्षानुवर्षे पक्का बसला आहे. त्याला आधार आहे तो एवढाच, की काही पॅडना झीज कळवणारी पत्र्याची पट्टी असते आणि पॅड संपत आल्यावर ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला, घासून किणकिणते. एरवी किंचाळी हा कंपनाचा आवाज असतो: पॅड डिस्कला क्षणभर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडल्याने डिस्क घंटेसारखी वाजते. म्हणूनच भरपूर जाडीचे, अगदी नवे पॅडही ओरडतात. शर्यतीसाठीचे कडक पॅड तर थंड असताना हमखास.

चाक काढून आधी पॅडची जाडी पाहावी. ती पुरेशी असेल, तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो का, डिस्कच्या कडेला गंजाची धार उभी राहिली आहे का आणि पॅडमागची शिम, म्हणजे कंपन शोषणारी पातळ पट्टी, जागेवर आहे का, हे तपासावे. जुन्या फिक्स्ड कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या न सरकणाऱ्या पकडीत, पॅड धरणाऱ्या पिना गंजतात, स्प्रिंग ढिली पडते, आणि नवे पॅड घालताना नेमके हेच भाग जसेच्या तसे परत बसवले जातात. पिना स्वच्छ कराव्यात, स्प्रिंग बदलावी, उष्णता सोसणारे ग्रीस पॅडच्या पाठीला अगदी पातळ लावावे. घर्षणाच्या बाजूला त्याचा थेंबही लागता कामा नये. मात्र धातूवर धातू खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर गाडी चालवूच नये.