एमएसचं औषध मध्येच का सुटतं?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार. त्याच्या पेशंटने औषध सोडलं की घरचे, शेजारी, कधीकधी डॉक्टरही एका शब्दात मोकळे होतात: हलगर्जीपणा. या औषधांचा इतिहास चाळला तर मला हा आरोप पटत नाही.

फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. पण त्याची चाल रोखणारं औषध यायला सव्वाशे वर्षं लागली. अमेरिकेत १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटाला मंजुरी मिळाली, १९९६ मध्ये ग्लॅटिरामरला. पहिलं इंजेक्शन एक दिवसाआड, दुसरं तेव्हा रोज, आणि तेही स्वतःच्या हाताने टोचायचं. इंटरफेरॉननंतर कणकण येते, अंग मोडून येतं. ग्लॅटिरामरने मांडीवर, पोटावर गाठी होतात, काहींच्या कातडीला खड्डे पडतात. बदल्यात काय, तर अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक उसळण्याचे प्रसंग, साधारण एक-तृतीयांशाने कमी. त्रास आज रात्रीच जाणवतो, न आलेला अटॅक मात्र कोणाला दिसतो?

त्यात यातली बहुतेक इंजेक्शनं २ ते ८ अंशांत जपायची. नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांचा घाऊक बाजार आहे खरा, पण हे काही गल्लीतल्या मेडिकलमधून चिठ्ठी दाखवून आणायचं औषध नव्हे. मुंबईला दाखवून पंचवटी एक्सप्रेसने परतताना मांडीवर बर्फाची पिशवी सांभाळायची, आणि पुढे सिन्नर-निफाडकडे घर असेल तर लोडशेडिंगच्या दिवसांत फ्रिजचा काय भरवसा!

उन्हाचं प्रकरण वेगळंच. अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. श्रमाने नजर तात्पुरती धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. मे महिन्यात पाय जड झाले, डोळ्यांपुढे धूसर झालं की पेशंटला वाटतं, औषध लागूच पडत नाही. मग कशाला टोचून घ्यायचं?

२०१० मध्ये फिंगोलिमोडची गोळी आली आणि सुईचा जाच संपला. पण पहिल्या महिन्यानंतर १४ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर पुन्हा पहिल्या डोससारखं सहा तास दवाखान्यात बसून नाडी तपासून घ्यावी लागते. अचानक बंद केली तर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. म्हणजे गिळायला सोपी, सोडायला महाग.

२०१७ मध्ये सहा महिन्यांनी एकदा सलाइनमधून द्यायचं ऑक्रेलिझुमॅब आलं. आपल्याकडे त्याच जातीचं, मुळात रक्ताच्या कर्करोगावरचं रिटुक्सिमॅब स्वस्त पडतं म्हणून बरंच वापरलं जातं. रोजची आठवण ठेवणं गेलं, पण पैसे एकरकमी उभे करावे लागतात. तारीख पुढे जाते ती बहुतेक तिथेच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आलं. मात्र आरक्षणासारख्या सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. औषध वेळच्या वेळी घेऊन जो धडधाकट चालतो, तो यात बसणार कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ग्लॅटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रिटुक्सिमॅब ही तीन औषधं एमएससाठी अत्यावश्यक यादीत घेतली. पहिल्या मंजुरीनंतर तब्बल तीस वर्षांनी.